तुलांबेनला किनाऱ्यावरून डाइव्ह करायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: तारकर्लीला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला) कोर्स झालाय, नंतरचे सगळे डाइव्ह बोटीवरून झालेत. आता नोव्हेंबरात नवरा-बायको दोघं बालीत तुलांबेनला चार दिवस राहणार आहेत आणि किनाऱ्यावरूनच, जमलं तर गाइडशिवाय, डाइव्ह करायचे आहेत. वेगळं काय असतं, तयारी काय करायची आणि पाहायचं काय?

गाइडचं आधी. पहिल्या दिवशीचे दोन्ही डाइव्ह गाइड घेऊनच करा. रस्ता सापडणार नाही म्हणून नव्हे, तर त्या दगडगोट्यांवरून आत कसं शिरायचं आणि बाहेर कसं यायचं ते माहीतगाराच्या शेजारी उभं राहून शिकता यावं म्हणून. त्यानंतर दोघांनाही आत्मविश्वास वाटला तर हवेच्या टाक्या भाड्याने घेऊन स्वतः जायला हरकत नाही. काही सेंटर गाइडशिवाय टाकी देत नाहीत, तेव्हा बुकिंग करतानाच विचारून ठेवा.

बोटीवरच्या डाइव्हमध्ये अवघड भाग पाण्याखाली असतो. किनाऱ्यावरच्या डाइव्हमध्ये तो गुडघाभर पाण्यात असतो. तुलांबेनचा किनारा वाळूचा नाही. आगुंग ज्वालामुखीचे काळे, गोल, नारळाएवढे दगड उतारावर पसरलेले आहेत आणि पायाखाली ते फिरतात. पाठीवर टाकी आणि कमरेला बुडण्यासाठी लावलेलं शिशाचं वजन मिळून वीस किलोंच्या आसपास ओझं असतं. त्यात लाट मागे सरताना पायाखालचे दगडही ओढून नेते. घोटा मुरगळणं, गुडघा आपटणं, मास्क वाहून जाणं, बहुतेक अपघात इथेच होतात, आणि पाण्याखालच्या कौशल्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

म्हणून जाड, कडक तळव्याचे बूट आणि टाचेला पट्टा असलेले फिन्स हवेतच. तारकर्लीत बोटीवर चालून गेलेले पूर्ण पायाचे फिन्स इथे निरुपयोगी आहेत, कारण ते घालायला अनवाणी व्हावं लागतं. पट्टा स्प्रिंगचा असेल तर फारच छान, लाटेत उभं राहून बकल शोधायला नको. तीन मिलिमीटरचा पूर्ण बाह्यांचा सूट घ्या. पाणी साधारण २६ ते २९ अंश असतं, पण दिवसाला तीन डाइव्ह केले तर अंग गार पडतंच. जुलै ते सप्टेंबरमध्ये खालून थंड पाण्याचा थर वर आला तर त्याहून खाली उतरतं. नोव्हेंबरात तुम्हाला तीन मिलिमीटर पुरेल.

टाकी किनाऱ्यापर्यंत नेण्याची काळजी करू नका. तुलांबेनमध्ये हे काम गावातले हमाल करतात, त्यांत बायका बऱ्याच आहेत, आणि त्या दगडांवरून डोक्यावर टाक्या घेऊन त्या जितक्या सहज चालतात तितकं आपल्याला रिकाम्या हातांनीही जमत नाही. गावाचं पोट या कामावर चालतं, म्हणून स्वतः टाकी उचलायचा हट्ट धरू नका आणि दरात घासाघीस करू नका.

आता पाण्यात शिरण्याचा क्रम. आधी दहा मिनिटं नुसतं समुद्राकडे बघा. लाटा गटाने येतात. तीन-चार मोठ्या आल्या की मध्ये थोडा वेळ शांत जातो. ती मोकळीक किती लांब आहे आणि लाट नेमकी कुठे फुटते, हे नीट पाहून ठेवा. लाट कमरेच्या वर फुटत असेल तर त्या ठिकाणी जाऊ नका. जवळच अमेदला जेमेलुकचा उपसागर बऱ्यापैकी आडोशाला आहे, तिथे बघा. सकाळी समुद्र सहसा शांत असतो आणि दुपारी वारा किनाऱ्याकडे वाहायला लागतो, म्हणून पहिला डाइव्ह साडेसहा-सातला ठेवा. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी जास्त खाली-वर होतं, त्यामुळे सकाळी आत शिरताना पाहिलेला किनारा तासाभराने बाहेर येताना वेगळा दिसू शकतो. अष्टमीच्या भांगाला हा फरक कमी असतो.

कोरड्या जागी सगळी तपासणी पुरी करा: टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, हवेचं गेज बघत दोन-तीन श्वास रेग्युलेटरमधून (टाकीची हवा तोंडात देणारं उपकरण) घ्या, एकमेकांच्या बकला तपासा. मास्क डोळ्यांवर, कपाळावर नाही. रेग्युलेटर तोंडात. बीसीडीत, म्हणजे तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटात, अर्ध्याहून थोडी जास्त हवा. फिन्स हातात किंवा मनगटात अडकवलेले. दोघांनी एकमेकांचा दंड धरून, गुडघे किंचित वाकवून, पाय न उचलता दगडांवरून सरपटवत पुढे जायचं. लाट येताना थांबा, तिच्याकडे कूस करा म्हणजे अंगावर कमी आदळेल, ती गेली की पुन्हा दोन पावलं. पाणी कमरेच्या थोडं वर आलं की आडवे व्हा, पाठीवर तरंगत एक एक फिन घाला आणि लगेच लाट फुटते त्या पट्ट्यापलीकडे पोहत निघा. सर्वांत मोठी चूक इथे होते. माणसं फुटणाऱ्या लाटेतच उभी राहून फिन घालायचा प्रयत्न करतात. एकदा आडवं झालं की पुन्हा उभं राहायचं नाही. पडलात तर उठायची धडपडही करू नका. रेग्युलेटर तोंडात आहे, पोहत पुढे जा.

लाटेत लोळण घेतलीत तर काळी बारीक वाळू दोन ठिकाणी शिरते. रेग्युलेटरच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे तोंडात धरायच्या भागात, गेली तर हवा सतत वाहायला लागते. अशा वेळी तोंडाची बाजू खाली करून पाण्यात हलवा आणि हवा जोरात सोडणारं पर्ज बटण दोन-तीनदा दाबा. ती बीसीडीत हवा भरणाऱ्या इन्फ्लेटरच्या बटणात गेली तर बटण अडकतं आणि बीसीडी आपोआप फुगत जाते. पाण्याखाली हे झालं तर माणूस काही क्षणांत वर ओढला जाऊ शकतो. उपाय एकच: इन्फ्लेटरची नळी झटक्यात काढणं, आणि दुसऱ्या हाताने बीसीडीतली हवा सोडणं. गाइडसोबतच्या पहिल्या डाइव्हमध्ये पाच मीटरवर ही नळी काढून पुन्हा लावायचा सराव दोघांनीही करा, हातात हातमोजे नसताना आणि न बघता.

वजनाचं गणित उथळ पाण्यासाठी नीट करा, कारण किनाऱ्यावरच्या डाइव्हचा शेवट पाच मीटरवर होतो आणि तिथेच हलकं वजन दगा देतं. तिथे मिळते ती अ‍ॅल्युमिनियमची ११.१ लिटरची टाकी. त्यात २०० बार (बार हे दाबाचं एकक) हवा भरली की नुसत्या हवेचं वजन अडीच किलोंच्या आसपास होतं. डाइव्हच्या अखेरीस ती हवा संपलेली असते आणि टाकी स्वतःच वर तरंगू पाहते. भरल्या टाकीने पृष्ठभागावर वजन बरोबर वाटलं तर शेवटी दोन किलो कमी पडतात. पाच मीटरवर, ५० बार उरलेले असताना, बीसीडी पूर्ण रिकामी करून संथ श्वासाने स्थिर राहता आलं तर वजन बरोबर. सत्तर किलोच्या माणसाला तीन मिलिमीटरच्या सुटात साधारण ४ ते ६ किलो लागतात. पहिल्या डाइव्हनंतर आपला आकडा लिहून ठेवा.

हवेचा हिशोब असा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणारा माणूस १५ मीटरवर, म्हणजे २.५ बार दाबाखाली, ५० लिटर वापरतो. आपल्या टाकीत ते मिनिटाला साडेचार बार. म्हणजे १०० बार जेमतेम बावीस मिनिटं पुरतात. आता राखीव हवा. वीस मीटरवर एकाची हवा संपली, दोघं एकाच टाकीवर, घाबरल्यामुळे प्रत्येकी मिनिटाला ३० लिटर. एक मिनिट सावरायला: १८० लिटर. सावकाश वर यायला अडीच मिनिटं: ३०० लिटर. पाच मीटरवर तीन मिनिटांचा थांबा: २७० लिटर. एकूण ७५० लिटर, म्हणजे जवळजवळ ७० बार. कोर्समध्ये घोकलेला ५० बारचा आकडा दोघांना वर आणायला पुरत नाही. तुम्ही दोघं एकटे असताना १०० बार राहिले की किनाऱ्याकडे वळा, आणि ७० बारला पाच-सहा मीटरवर पोहोचलेले असा. परतीच्या लाटेत रेग्युलेटर तोंडात ठेवायलाही हवा लागते, हे बोटीवरच्या सवयीत विसरायला होतं.

दिशा सोपी आहे. तुलांबेनचा किनारा ईशान्येकडे तोंड करून आहे. समुद्राकडे तोंड केलं तर डावीकडे लिबर्टी हे बुडालेलं जहाज, मध्ये कोरल गार्डन, उजव्या टोकाला ड्रॉप ऑफ नावाची भिंत. पाण्यात शिरण्याआधी होकायंत्रावर समुद्राची दिशा घ्या, परतीची दिशा त्याच्या बरोबर उलट, ढोबळमानाने नैर्ऋत्य. होकायंत्र नसलं तरी उतार सांगतो: वर चढत गेलात की किनारा. प्रवाह किनाऱ्याला समांतर आणि बहुधा सौम्य असतो, तरी सुरुवात त्याच्या विरुद्ध दिशेने करा. एका गोष्टीकडे लक्ष द्या: पायांखालची वाळू एकदम उतरू लागली आणि भोवतालचे मासे सगळे एकाच दिशेला तोंड करून जोर लावताना दिसले, तर प्रवाह वाढलाय. मागे फिरा.

आता लिबर्टीबद्दल, कारण तिथलं जीवन समजायला तिचा इतिहास लागतो. हे अमेरिकन लष्कराचं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी जपानी पाणबुडीने लोंबोक सामुद्रधुनीजवळ टॉर्पेडो मारला. दोन विनाशिकांनी ते ओढत सिंगराजा बंदराकडे न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी फार भरलं, म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवलं. वीसेक वर्षं ते तिथेच होतं. १९६३ मध्ये आगुंगचा उद्रेक झाला, जमीन हादरली आणि जहाज उतारावरून पाण्यात घसरलं. आज ते किनाऱ्याला समांतर, कुशीवर पडलंय. वरचा भाग सुमारे पाच मीटरवर, खालचा तीसच्या आसपास, आणि किनाऱ्यापासून जेमतेम तीस-चाळीस मीटर पोहत जायचं. भोवती सगळी काळी ज्वालामुखी वाळू आहे, जिच्यावर प्रवाळाचं पिल्लू टिकत नाही, कारण त्याला चिकटायला टणक पृष्ठभाग हवा असतो. तो लोखंडाने दिला. म्हणून साठ वर्षांत तिथे एवढं दाट जंगल वाढलं.

तुमचं प्रशिक्षण १८ मीटरपर्यंतचं आहे आणि लिबर्टीसाठी ते भरपूर आहे. सकाळच्या डाइव्हची आखणी अशी करा: उतारावरून वाळूवर खाली जात १६-१८ मीटरला जहाजाच्या बाहेरच्या बाजूला पोहोचा, तिथे दहा-बारा मिनिटं, मग तिरकं वर येत शेवटची वीस मिनिटं पाच ते आठ मीटरवर. सेफ्टी स्टॉप, म्हणजे तो पाच मीटरवरचा थांबा, आपोआप होतो आणि तोही भरल्या भिंतीसमोर. एकदा वर आल्यावर पुन्हा खाली उतरू नका. आत जाऊ नका. पत्रे मोडके आहेत, उजेड दिसतो, म्हणून सोपं वाटतं; पण गंजलेली कड सूट सहज कापते आणि वर छत असलेल्या जागेचं प्रशिक्षण वेगळं असतं. साडेनऊ-दहाच्या सुमारास दक्षिण बालीहून दिवसाच्या सहलीचे गट येतात, त्याआधी तुमचा पहिला डाइव्ह झालेला हवा.

पहाटे जायचं मोठं कारण म्हणजे बंपहेड पॅरटफिश. डोक्यावर टेंगूळ असलेले हे मासे सव्वा मीटरपर्यंत वाढतात. रात्री ते जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडताच कळपाने बाहेर पडतात. दातांची चोच जिवंत प्रवाळाचे लचके तोडते, त्याचा आवाज पाण्याखाली स्पष्ट ऐकू येतो. एक मोठा मासा वर्षाला पाच टनांहून अधिक प्रवाळ-चुना खाऊन वाळूच्या रूपात बाहेर टाकतो. त्यांच्या मागे धावू नका, कळप पांगतो. जहाजाच्या बाजूला स्थिर राहिलात तर ते अगदी जवळून जातात.

पण माझं मत विचाराल तर पहिले दोन दिवस मोठ्या माशांपेक्षा जहाज आणि किनारा यांच्यामधल्या काळ्या वाळूला द्या. बहुतेक लोक तिच्यावरून पोहत निघून जातात. सहा-आठ मीटरवर दुरून गवताच्या काड्या डुलताना दिसतात, त्या गार्डन ईल. अर्धं अंग बिळात, तोंड प्रवाहाकडे, वाहून येणारे सूक्ष्म जीव टिपत असतात. तुम्ही तीन-चार मीटरवर आलात की एकेक करून आत जातात. हालचाल थांबवा, श्वास सावकाश सोडा, पाचेक मिनिटांत पुन्हा वर येतात.

त्याच वाळूत बिळाच्या तोंडाशी बोटभर गोबी मासा बसलेला सापडेल. तो पळाला नाही तर दोन मीटरवर थांबून पोट वाळूच्या जरा वर ठेवा. थोड्या वेळाने बिळातून एक कोळंबी बाहेर येते, नांगीवर वाळूचा ढीग घेऊन, बुलडोझरसारखा तो ढकलते आणि परत आत. तिला नीट दिसत नाही. म्हणून बाहेर असेपर्यंत तिची एक मिशी गोबीच्या अंगाला टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि ती मागच्या मागे बिळात जाते. धोका आणखी जवळ आला की तोही डोकं खाली घालून आत. बीळ खणायचं काम तिचं, पहारा त्याचा. हे पाहायला कॅमेरा लागत नाही, फक्त वजन बरोबर लागतं. कारण हाताने वल्हवणाऱ्या माणसासमोर कोळंबी बाहेरच येत नाही.

कोरल गार्डन अगदी उथळ आहे, तिसऱ्या डाइव्हसाठी उत्तम. समुद्रफुलात राहणारे क्लाउनफिश पाहताना आकार बघा. सर्वांत मोठी ती मादी, दुसऱ्या क्रमांकाचा नर, बाकीचे लहान आणि रांगेत. मादी मेली की नराची मादी होते आणि पुढचा नर होतो. निळ्या पट्ट्यांचे क्लीनर रॅस ठरावीक खडकाशी थांबतात आणि मोठे गोबरे, वामी तोंड उघडून समोर उभे राहतात. अशा जागी पाच मिनिटं थांबलात तर गिऱ्हाइकं आपणहून येत राहतात. ड्रॉप ऑफची भिंत तुमच्या खोलीच्या मर्यादेपलीकडे फार खाली जाते. तिथे खालच्या निळ्या पाण्याचा मोह होतो, म्हणून खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर नजर ठेवा आणि १८ ओलांडू नका. वरच्या १५ मीटरमध्येही भरपूर आहे.

रंगांसाठी लहान टॉर्च दिवसाही घ्या. पाच मीटरनंतर लाल रंग उडायला लागतो आणि खाली सगळं करडं-निळं दिसतं. टॉर्च मारला की तेच स्पंज लालभडक निघतात. सीहॉर्ससारख्या नाजूक प्राण्यांवर मात्र झोत रोखून धरू नका.

धोक्याच्या प्राण्यांपैकी आक्रमक असा एकच: टायटन ट्रिगरफिश. अंडी राखताना त्याची हद्द घरट्यापासून वरच्या दिशेने शंकूसारखी रुंदावत जाते. पाठीवरचा काटा उभा करून तो तुमच्याकडे वळला की वर जाऊ नका, त्याच शंकूत राहाल. फिन्स त्याच्याकडे करून आडवे निघून जा. बाकीचे आपण त्रास दिला तरच इजा करतात. स्टोनफिश आणि स्कॉर्पियनफिश दगडासारखे दिसतात, म्हणून कुठेही हात टेकायचा नाही. पाकट वाळूत पुरलेलं असतं, उथळ पाण्यात पाय सरपटवत चाललात की ते आधीच निघून जातं. शंकूच्या आकाराचा सुंदर शिंपला दिसला तर उचलू नका, काही कोन शेलचं विष जीवघेणं असतं. मासा किंवा पाकट यांचा काटा टोचलाच तर जखम ४५ अंशांपर्यंतच्या, सोसवेल इतक्या गरम पाण्यात तीस ते नव्वद मिनिटं बुडवा आणि डॉक्टर गाठा. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने तपासा, कारण जखमी हाताला अंदाज येत नाही.

प्रवाळाला स्पर्श नको, फिनचं टोकही नको. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहाएक सेंटिमीटर वाढतं, पण गोल घुमटासारखं पोराइट्स वर्षाला जेमतेम एक. म्हणजे मीटरभर उंचीचा घुमट शंभर वर्षांचा. एप्रिल २०२४ मध्ये प्रवाळ पांढरं पडण्याची चौथी जागतिक लाट जाहीर झाली. उष्णतेने आधीच थकलेल्या वसाहतीला फिनचा फटका सोसत नाही. सनस्क्रीन चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा सूट आणि टोपी बरी.

बाहेर येणं म्हणजे आत जाण्याचा उलटा क्रम, फक्त दमलेल्या पायांनी. लाट फुटते त्याच्या बाहेर थांबून मोकळीक येईपर्यंत वाट बघा, रेग्युलेटर तोंडातच. कमरेभर पाण्यात फिन्स काढा, लाटेसोबत पुढे या, तिच्याकडे पाठ करून उभे राहू नका. तोल गेला तर सरळ चार पायांवर रांगत या. दगडांवरून रांगत येणारे अनुभवी डाइव्हर तिथे रोज दिसतील, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तारखांचं एक पाहून ठेवा. बालीत शक नववर्षाचा दिवस न्येपी म्हणून पाळतात. तो बहुधा मार्चमध्ये येतो, काही वर्षी आपल्या पाडव्याच्या अगदी जवळ. त्या दिवशी चोवीस तास विमानतळही बंद असतो, डाइव्ह अर्थातच नाही. पाडव्याच्या सुट्टीत जायचा बेत करणाऱ्यांनी आधी ही तारीख बघावी.

शेवटचा दिवस मोकळा ठेवा. दिवसाला अनेक डाइव्ह झाल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जायला हवेत. डोंगराचंही तेच आहे, आणि बालीत हे फार जणांच्या लक्षात येत नाही: तुलांबेनहून उबुदला जाताना ड्रायव्हर देखाव्यासाठी किंतामणीवरून गाडी घालतो, तो रस्ता सुमारे १,५०० मीटरवर चढतो. डाइव्हच्या दिवशी किनाऱ्याचा रस्ता धरायला सांगा. देन्पासारमध्ये दाबकक्षाची (डाइव्हनंतरच्या दाबाच्या आजारावर उपचार करायची) सोय आहे, पण तुलांबेनहून तिथे पोहोचायला अडीच-तीन तास लागतात, म्हणून डाइव्हिंगचा विमा निघण्याआधीच काढा. त्या मोकळ्या दिवशी जेमेलुकला पृष्ठभागावर स्नॉर्केलिंग बिनधास्त करा. अमेदला फ्रीडायव्हिंगचे वर्ग खूप आहेत, मोह होईल, पण ते सहलीच्या सुरुवातीला, टाकी पाठीवर घेण्याआधी उरकून घ्या. स्कूबानंतर श्वास रोखून खोल जाणं त्या दिवशी नको.